जळकोटच्या रानातली चौथी मुंगी

माझ्या निरोप समारंभात कॉलेजनं मला शाल दिली, नारळ दिला आणि रंगीत कागदात गुंडाळलेला एक खोका दिला. स्टेजवरच उघडा म्हणून सगळ्यांचा आग्रह. उघडला, तर आत मुंग्या मारायच्या खडूची दोन डझन पाकिटं. प्राचार्य स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की त्यांना ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मीही हसले. न हसून सांगते कुणाला? नांदेडच्या त्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवलं आणि सगळी नोकरी 'मुंगीबाई' या नावानं काढली. पोरं तर पाठीमागं म्हणायचीच, पण एकदा पगारपत्रकावर लिहिताना क्लार्कनंही तेच लिहिलं आणि मग खोडलं.

मी मुंग्यांचा अभ्यास करते असं कळलं की माणसं दोनच गोष्टी विचारतात. पहिली, घरात लाल मुंग्या झाल्यात, काय करू. दुसरी, हे करून काय मिळतं. पहिलीचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलेला असतो. दुसऱ्या प्रश्नाला मी आधी नीट उत्तर द्यायची, नंतर नंतर चिडायला लागले. मी मुळात तापट. आमच्या घरी म्हणायचे, हिच्या नाकावर माशी बसली तर माशीच माफी मागून उठते.

तर हे काम काय असतं, ते आधी सांगते. एखाद्या जागी मुंग्या किती आहेत हे आम्ही बघत नाही, किती प्रकारच्या आहेत ते बघतो. जंगलात जास्त जाती का, शेतात कमी का, माळावर कुठल्या, गावात कुठल्या. कारण मुंगी जमीन उकरते, बी वाहून नेते, मेलेला किडा उचलते, आणि जमिनीची तब्येत बिघडली की आधी तिच्यातल्या जाती कमी होतात. त्यासाठी सापळा लागतो. सापळा म्हणजे लग्नात पाणी द्यायचे प्लास्टिकचे ग्लास. ग्लास काठापर्यंत जमिनीत पुरायचा, आत बोटभर साबणाचं पाणी घालायचं आणि दोन दिवस तिकडं फिरकायचं नाही. येणारी जाणारी मुंगी आत पडते. मग ती भिंगाखाली घेऊन मिशांचे सांधे मोजायचे, कमरेला गाठ एक आहे का दोन ते बघायचं. झालं शास्त्र. त्या काळात मी कुठल्याही लग्नाला गेले की जेवण झाल्यावर पंगतीतले ग्लास गोळा करायची. आमच्या ह्यांनी माझ्यासोबत लग्नाला यायचंच बंद केलं.

माझ्या जोडीला होते मामू. मामू म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. वयानं माझ्याहून मोठे, दाढी मेंदी लावून लाल केलेली, आणि सापाला हात लावतील पण मुंगीला भिणारे. साप एकटा येतो, मुंगी खानदान घेऊन येते, असं त्यांचं म्हणणं.

पीएच.डी.ला मी उशिरा लागले. पोरं मोठी झाली, सासूबाईंचं आजारपण निभावलं, तेव्हा कुठं नोंदणी केली. तीन जागा घेतल्या. हिमायतनगरकडचं सागाचं जंगल, धर्माबादेत मिरचीच्या गोदामांमागची पडीक जागा, आणि जळकोटजवळचं एक शेत. माझ्या गाईड सरांचं म्हणणं होतं की जंगलाकडून शेताकडं येताना जाती कमी कमी होत जातील, आलेखाची रेघ उतरेल. सर स्वभावानं चांगले, पण रेघेच्या बाबतीत हट्टी. रेघ उतरली पाहिजे, असं ते दर महिन्याला फोनवर सांगायचे, जशी काही ती मी हातानं खाली ओढणार होते.

हिमायतनगरला झाडावर पानं शिवून घरटं करणारी तांबडी मुंगी भेटली. मामूंना ती पायजम्यात भेटली. पुढचं मी लिहीत नाही, त्यांच्या नातवंडांनी हा अंक वाचला तर. धर्माबादला वेगळाच ताप. तिथं मिरचीच्या खकाण्यानं आम्ही दोघं शिंकत शिंकत ग्लास पुरले, आणि गोदामाचे मालक शेठ खुर्ची टाकून आमच्याकडं बघत बसले. मुंग्या अंडी घेऊन वर चढायला लागल्या की पाऊस येतो, हे शेठना ठाऊक होतं. त्यामुळं मुंग्यांची बाई म्हणजे पावसाची बाई, असं त्यांनी धरलं. दर उन्हाळ्यात त्यांचा फोन यायचा, मॅडम, अंडी हलली का, मिरची वाळत घालायची आहे. एकदा मी कंटाळून म्हटलं, नाही हलली, घाला. शेठनी सगळी मिरची अंगणभर पसरली आणि दुपारी अवकाळी कोसळला. संध्याकाळी फोन. मला वाटलं आता शिव्या बसणार. शेठ शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुंग्यांना कळवा, धर्माबादला पाऊस पडून राहिला." पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फोन आलाच. पण आता पद्धत बदलली होती. मी घाला म्हटलं की ते मिरची झाकायचे.

आता जळकोट. खरी कथा तिथलीच आहे.

शेत मिळालं ते एका जुन्या विद्यार्थिनीच्या मावशीचं. मावशी म्हणजे नरसाबाई. साठीच्या घरातली बाई, हाडं काटक, कपाळावर आडवं गोंदण, माहेर बिदरकडचं, म्हणून बैलांशी कानडीत बोलायची आणि माणसांशी मराठीत. मुलगा ट्रॅक्टरचं बघायचा, पण रानावर हुकूम तिचा. मी तिला आक्का म्हणायची, ती मला बाई. शेत सपाट, काळंभोर, सोयाबीन पेरलेलं. आत एकही झाड नाही. कडेनं मात्र जुना रुंद बांध होता, बोरी-बाभळींचा, दगडाधोंड्यांचा. मी शास्त्राप्रमाणं शेताच्या मधोमध दहा ग्लास पुरले आणि आक्काला सांगितलं, दोन दिवस शेळ्या येऊ देऊ नका, ग्लासला हात लावू नका. आक्कानं मान डोलावली.

जुलैमध्ये पहिले ग्लास उपसले. तीन जाती. दहा ग्लासांत मिळून फक्त तीन. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला कळत होतं, सरांची रेघ उतरणार म्हणून आनंदही व्हायला हवा होता. पण नांदेडहून एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत यायचं आणि तीन जाती घेऊन जायचं, याचा मला भयंकर राग आला. आक्का बाजूला उभी होती. तिनं विचारलं, काय झालं बाई, तोंड का पडलं. आणि मी बोलून गेले.

"काय सांगू आक्का, तुमच्या रानात मुंग्याच नाहीत."

आक्कानं पदर खांद्यावर ओढला, शेताकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "माज्या रानात काय कमी हाय?"

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. शेतकऱ्याच्या घरात जन्मले असते तर कळलं असतं की मी काय बोलले. माझे वडील पोस्टात होते. बाईच्या तोंडावर तिच्या रानाला नाव ठेवलं, आणि वर तिनं दिलेल्या ओल्या शेंगा पिशवीत घालून निघाले. कारण शेतात आलेलं माणूस रिकाम्या हातानं पाठवायचं नाही ही त्यांची रीत. शेंगा नसतील तर भाजी, भाजी नसेल तर बोरं, अगदीच काही नसेल तर कढीपत्त्याची फांदी. मी ती रीत बघत होते आणि तिचा माझ्या शास्त्राशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही.

ऑगस्टमध्ये सहा जाती निघाल्या. सप्टेंबरला दहा. मी हरखले. सरांना कळवलं, तर ते म्हणाले तुम्ही ओळखण्यात चुकताय. ऑक्टोबरला चौदा. सोयाबीन निघालं, हरभरा पेरला, तरी जाती वाढतच होत्या. दिवाळीनंतर तर कमाल झाली. ग्लासात तांबडी, लांब पायांची, तीच ती मामूंच्या पायजम्यातली मुंगी. जानेवारीपर्यंत वीस जाती झाल्या, आणि जळकोटच्या हरभऱ्यानं हिमायतनगरचं सागाचं जंगल मागं टाकलं.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. पहिल्या तीन जाती ग्लासात कशाही पडायच्या, कुठं चाळीस, कुठं दोन. पण नव्या जातींच्या मुंग्या प्रत्येक ग्लासात पाचच. सगळ्या ग्लासांत, सगळ्या जातींच्या, मोजून पाच. आमच्या शास्त्रात कुठली जात किती सारख्या प्रमाणात आहे याचा एक आकडा काढतात. नव्या जातींचा तो आकडा इतका चोख आला की सरांनी तीनदा कॅल्क्युलेटर बदलून पाहिला. आता एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? थांबून विचार केला असता. मी काय केलं? मी त्याच्यावर सिद्धांत लिहिला. कोरडवाहू जमिनीत मुंग्यांच्या जाती आपापसात स्पर्धा करून शेवटी समतोलाला येतात, असा. चांगली दोन पानं. सरांना तो इतका आवडला की त्यांनी त्याला नावसुद्धा दिलं, 'पंचक'. रेघ चढली याचं दुःख ते विसरले. मामू तेवढे म्हणाले, "मॅडम, पाचच कशापायी? मुंगी कुठं शाळा शिकलीय मोजायला?" मी त्यांना सांगितलं, तुम्ही बाटल्या धुवा.

तिसरी गोष्ट तर लिहायलाही लाज वाटते. त्या महिन्यांत आक्काची बोटं सारखी सुजलेली असायची. मी विचारलं की म्हणायची, काटा लागला. मी पर्समधून मलम काढून दिलं आणि किडामुंगीपासून हात कसे जपावेत यावर तिला भाषण दिलं. तिनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

इथं एक अडचण सांगायला हवी. माझ्या नोंदणीची मुदत जूनमध्ये संपत होती. दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळत नाही. जूनमध्ये प्रबंध गेला नाही तर चार वर्षं मातीत, आणि मी डॉक्टर न होताच निवृत्त. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं माझ्या आधी डॉक्टर होऊन त्याच स्टाफरूममध्ये माझ्यासमोर चहा पीत होती. मला ती पदवी हवी होती. उगाच मोठेपणा कशाला, लई हवी होती.

सरांनी माझ्या मुंग्यांची पेटी त्यांच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ तज्ज्ञांना दाखवली. कर्नाटकातले म्हातारे गृहस्थ, आम्ही त्यांना मोठे सर म्हणू. उभा जन्म मुंग्यांत गेलेला. त्यांचा मला फोन आला. इंग्रजीत अतिशय नम्रपणे एकच प्रश्न विचारला, ही तांबडी मुंगी मोठ्या पानांच्या झाडावर घर शिवते, तुमच्या शेतात झाड कुठलं आहे? मी म्हटलं, झाड नाही. झाड खरंच नाही ना, हे त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, मी आणि तुमचे सर शनिवारी येतो, मला ते शेत बघायचंय.

त्यांच्या आधी ते झाड मलाच शोधायला हवं होतं. ग्लास बुधवारीच मामूंकरवी पुरलेले होते. गुरुवारी, न कळवता, मी आणि मामू पहिल्या एसटीनं जळकोटला गेलो.

बांधावरून बघितलं तर हरभऱ्यात आक्का उकिडवी बसलेली. शेजारी झाकणाला भोकं पाडलेले तीन-चार डबे. हातात कोंबडीचं पीस. डब्यातून पिसावर मुंगी घ्यायची, ग्लासात झटकायची आणि मोजायची. "एक... दोन... तीन... गप बस की गं... चार..." मामूंनी कपाळाला हात लावला. मी तिथंच ओरडले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण सत्यानाश हा शब्द तीन-चारदा आला. दचकून आक्काच्या हातातलं पीस पडलं आणि पाचवी मुंगी तिच्या मनगटाला चावली.

आधी तिला कळेचना मी का चिडले. तिच्या लेखी तिनं काही लपवलेलं नव्हतंच. मी कधी विचारलंच नव्हतं. बोलता बोलता सगळं बाहेर आलं. बांधावरच्या, गोठ्यातल्या, विहिरीच्या काठच्या, उकिरड्यातल्या, जिथं दिसेल तिथून मुंग्या धरायची. कुठल्याच ग्लासाला कमी-जास्त वाटू नये म्हणून पाच पाच. पंगतीत वाढताना कुणाच्या पानात दोन लाडू आणि कुणाच्या एक असं करतं का कुणी? तांबड्या मुंग्या आणल्या लेकीनं. लेक हिमायतनगरला दिलेली. दिवाळीला माहेरी येताना एका डब्यात करंज्या आणि एका डब्यात मुंग्या घेऊन एसटीत बसली, आणि वाटेत पोरानं चुकीचा डबा उघडला. त्या गाडीचा कंडक्टर म्हणे अजून लेकीला ओळखतो. शिवाय मी मुंग्या पाण्यात बुडवते याचं पाप लागू नये म्हणून आक्का दर खेपेला उरलेल्या मुंग्यांना बांधावर साखर-पीठ घालत होती. ते पाप माझ्या वतीनं फेडणं चालू होतं.

"अहो पण का?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

आक्कानं मनगट चोळलं. "तुमी तोंड पाडून गेलाव बाई. आमच्या रानातून कुनी तसं जात न्हाई."

मी बांधावर बसले आणि आधी रडले. मग मला 'पंचक' आठवलं, ती दोन पानं आठवली, आणि हसू आवरेना. आक्कानं मामूंना विचारलं, बाईला उन्हाचं काही झालं का.

परतीच्या एसटीत मामूंनी मुद्दा मांडला. मामू विचारी माणूस. म्हणाले, "मॅडम, मुंग्या आपन टाकल्या का? न्हाई. मुंग्या खोट्या हायत का? न्हाई. मग झूट कुठं हाय? शनिवारी एक झाडाची कुंडी नेऊन ठेवू." तुम्ही हसाल, पण उदगीर येईपर्यंत मी त्या कुंडीचा विचार करत होते. आंब्याचं रोप बरं की जांभळाचं, इथपर्यंत गेले होते. चार वर्षं, आणि तो स्टाफरूममधला चहा. मग खिडकीतून बाहेर बघताना वाटलं, त्या बाईनं मुंग्या वाटताना एका ग्लासाला चार आणि दुसऱ्याला सहा असंसुद्धा केलं नाही, आणि मी शास्त्रज्ञ म्हणवणारी कुंडी शोधतेय. मला माझीच शरम वाटली. अहमदपूरला चहा प्यायले आणि मामूंना म्हटलं, खरं सांगायचं.

शनिवारी गाईड सर आणि मोठे सर गाडीनं आले. मी बांधावरच, गाडीचं दार लागायच्या आत, सगळं सांगून टाकलं. गाईड सर फक्त म्हणाले, "पंचक?" मी म्हटलं, "नाही सर. पंगत." मोठे सर मात्र खाली बसले आणि पोट धरून हसले. इतके हसले की आक्का घाबरून पाणी घेऊन आली. तांब्या हातात घेता घेता त्यांनी सहज कानडीत काहीतरी विचारलं. त्यातला 'इरुवे' एवढाच शब्द मला कळला, इरुवे म्हणजे मुंगी. आक्काच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की काय सांगू. किती तरी वर्षांनी बैलांशिवाय कुणीतरी तिच्याशी कानडीत बोलत होतं.

आणि ती दोघं निघाली. आक्का पुढं, मोठे सर मागं. एकेका मुंगीची जागा ती दाखवत होती. ही या दगडाखाली, ही बोरीच्या सालीत, ही फक्त पाऊस उघडल्यावर, ही शेणाच्या पोहाखाली, ही दुपारी येत नाही, सकाळीच येते. मोठे सर गुडघे टेकून बघत होते, वहीत लिहीत होते आणि लहान मुलासारखे पुढचं विचारत होते. दोन तास. मी, जिची पीएच.डी. पणाला लागली होती, मागून पळत होते आणि मला त्यांच्या कानडीचं एक अक्षर कळत नव्हतं, हे सगळं मोठ्या सरांनी नंतर सांगितलं. गाईड सर गाडीत जाऊन बसले.

परत आल्यावर मोठे सर मला म्हणाले, तुमचे जुलैतले ग्लास खोटे नव्हते, जागा अपुरी होती. शेतात तीन जाती राहिल्यात हे खरं आहे. पण या बाईनं तांबडी सोडून बाकी सगळ्या जाती हजार पावलांच्या आत धरल्यात, आणि त्यातल्या बहुतेक या बांधावरच्या. जंगलाकडून शेताकडं रेघ उतरते हे सगळ्यांना माहीत आहे. शेत आणि बांध यांच्यात ती किती उतरते, हे तुम्ही मोजा. फक्त आता या बाईला विचारून ग्लास पुरा, आणि पुरल्यावर तिला दोन दिवस लेकीकडं पाठवा.

त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं, आणि न मिळणारी तिसरी मुदत एक वर्षाची मिळाली. जळकोटचे सगळे आकडे मी फाडून टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दर महिन्याला मी ग्लास पुरायची आणि आक्का हिमायतनगरच्या गाडीत बसायची. जावई तीन महिन्यांत कंटाळला. वर्षभरानं निकाल तोच आला, शेतात तीन, बांधावर सोळा. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, बांधावरच्या जागा कशा निवडल्या. मी नरसाबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या कुठल्या संस्थेत आहेत?

डॉक्टर झाले. घोडं एकदाचं गंगेत न्हालं. प्रबंधाची एक बांधीव प्रत आक्काला नेऊन दिली. तिनं हात धुऊन ती घेतली, हळद-कुंकू लावलं आणि विचारलं, माझ्या रानाचं काय लिहिलंय. मी खरं ते वाचून दाखवलं. सोळा ऐकून ती खूश झाली. तीन ऐकून मात्र, शेतात तीनच, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, आक्का, पुस्तकात खरंच लिहावं लागतं. तिनं पुस्तक भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि भाजी खुडायला गेली.

पुढं त्या पुस्तकाचा उपयोग माझ्यापेक्षा तिलाच जास्त झाला. पोरानं ट्रॅक्टर वळायला जागा पाहिजे म्हणून बांध काढायचं ठरवलं, जेसीबीसुद्धा बोलावला. आक्का प्रबंध उघडून बांधावर बसली. म्हणाली, या बांधाची नोंद झालीय सरकारात, हात लावाल तर बघा. पोरानं तलाठ्याला आणलं. तलाठ्यानं पानं चाळली, इंग्रजी बघितलं, विद्यापीठाचा शिक्का बघितला, आणि वरून मार्गदर्शन मागवतो म्हणून निघून गेला. ते मार्गदर्शन अजून आलेलं नाही. बांध आहे.

निवृत्त झाल्यावर मी तिला भेटायला गेले. आक्का थकलीय. काठी टेकते, एका डोळ्याला दिसत नाही. माझ्या पिशवीत कसा कोण जाणे, लग्नातला एक ग्लास होता. इतक्या वर्षांची खोड. मी तो शेताच्या मधोमध पुरला, साबणाचं पाणी घातलं. कशासाठी, विचारू नका. दोन दिवस तिच्याकडंच राहिले. तिनं सुनेला सांगून माझ्यासाठी रोज वेगळी भाजी केली, आणि मी दोन्ही दुपारी भरपेट जेवून गाढ झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी शेतात गेलो. मी ग्लास उपसला, पाणी पांढऱ्या ताटलीत ओतलं आणि चष्मा लावून बघितलं. त्याच तीन जाती. आणि एक चौथी. काळी, चकचकीत, पोट वर उचलून चालणारी. बोरीच्या सालीत राहणारी ती. मी ताटली डोळ्यांजवळ आणली. बांधावरची मुंगी शेतात उतरली? इतक्या वर्षांनी? मग मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. पाच होत्या.

मी मान वर केली. आक्का काठीवर दोन्ही हात ठेवून आभाळाकडं बघत होती, ढगांचं तिला काही विशेष काम असल्यासारखी. उजव्या हाताचं बोट सुजलेलं होतं.

हिनं त्या एका डोळ्यानं कशा धरल्या असतील? मी माझ्या आयुष्यात आकडा कधी खोटा लिहिला नाही. एका खोट्या आकड्यापायी एक वर्ष जास्त घासलं. पण आता मला कुणाला प्रबंध द्यायचा नव्हता, कुणाची रेघ उतरवायची नव्हती. वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं, नरसाबाईचं रान, जाती चार.

"आक्का," मी म्हटलं, "चार निघाल्या."

तिनं आभाळावरून नजर काढली नाही. "मग," ती म्हणाली. "माज्या रानात काय कमी हाय?"